मक्याच्या साखरेपासून गालिचा: जिवाणूंकडून रसायनं बनवून घेणं कुठे जमतं, कुठे फसतं?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या लाऊडन या गावात २००६ साली एक कारखाना सुरू झाला. एका बाजूने मक्यापासून काढलेली साखर आत जाते, दुसऱ्या बाजूने रंगहीन, दाटसर द्रव बाहेर पडतो. त्याचं नाव १,३-प्रोपेनडायॉल, थोडक्यात पीडीओ. या द्रवापासून 'सोरोना' नावाचा धागा बनतो आणि त्या धाग्याचे गालिचे आणि कपडे. मधलं काम करणारा कामगार म्हणजे ई. कोलाय हा जिवाणू.

ई. कोलाय हे नाव आपण ऐकतो ते बहुतेक वेळा दूषित पाण्याच्या बातमीत. पण कारखान्यातला वाण वेगळा आहे. के-१२ नावाचा हा वाण १९२२ साली वेगळा केला गेला आणि तेव्हापासून तो प्रयोगशाळेतच वाढत आलाय. आता तो इतका निरुपद्रवी झालाय की माणसाच्या आतड्यात त्याला धड टिकूनही राहता येत नाही.

जिवाणूंना कामाला लावायचा हा खटाटोप कशासाठी? आपल्या आसपासचं प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग, गोंद, द्रावकं यांतलं बहुतेक सगळं खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून बनतं. उद्या सगळ्या गाड्या विजेवर धावू लागल्या तरी या वस्तूंना लागणारा कार्बन कुठून तरी आणावाच लागणार. वनस्पती तो हवेतून घेतात आणि साखर, स्टार्च, लाकूड या रूपांत साठवतात. त्या साठ्यातून हवं ते रसायन काढून देणारा सूक्ष्मजीव मिळाला तर तेलविहिरीची गरज उरणार नाही, असा हा विचार आहे.

विचार नवा नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवं होतं, आणि खाईम वाइझमान या रसायनशास्त्रज्ञाने ते एका जिवाणूकडून स्टार्च आंबवून मिळवलं. धान्याची टंचाई झाली तेव्हा, १९१७ मध्ये, ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावलं होतं. युद्धानंतरच्या दशकांत खनिज तेलापासून स्वस्त ॲसिटोन मिळू लागलं आणि हा धंदा मागे पडला. तेलाचा भाव आणि जिवाणूंचं भवितव्य यांची गाठ तेव्हापासूनची आहे.

दोघांचं काम एकाकडे

पीडीओपासून चांगला धागा होतो हे १९४० च्या दशकापासून माहीत होतं. पॉलिएस्टरचाच हा चुलतभाऊ, पण जास्त मऊ आणि ताणल्यावर पुन्हा मूळ आकारात येणारा. अडचण एकच होती. तेलापासून पीडीओ बनवणं महाग पडायचं, म्हणून धागा कागदावरच राहिला.

निसर्गात पीडीओ बनवणारे जिवाणू आहेत. क्लेबसिएला नावाचा एक जिवाणू ग्लिसरीनपासून पीडीओ बनवतो. ग्लिसरीन कोण बनवतं? पाव फुगवायला वापरतो ते यीस्ट, साखरेपासून. पण साखर खाऊन थेट पीडीओ देणारा एकही सजीव सापडला नव्हता. ड्यूपाँट आणि जेनेनकोर या दोन कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की दोघांचं काम एकाच पेशीत आणायचं. यीस्टची दोन जनुकं आणि क्लेबसिएलाची काही जनुकं ई. कोलायमध्ये घातली गेली. जनुक म्हणजे एखादं एन्झाइम बनवण्याची पाककृती, आणि एन्झाइम म्हणजे एका रेणूचा दुसरा रेणू करून देणारं प्रथिन. साखरेचा तुकडा, त्याचं ग्लिसरीन, त्यातून एक मधला रेणू आणि शेवटी पीडीओ, अशी ही साखळी.

साखळीच्या शेवटच्या पायरीसाठी क्लेबसिएलाचं एन्झाइम ठरलेलं होतं. पण प्रत्यक्षात असं दिसलं की ई. कोलायचं स्वतःचंच एक एन्झाइम ते काम जास्त चांगलं करतं. वायक्यूएचडी अशा रुक्ष नावाचं हे एन्झाइम या कामासाठी कोणी हिशेबातही धरलं नव्हतं. जीवशास्त्रात कागदावरचा आराखडा आणि पेशीतली वस्तुस्थिती यांत असं अंतर नेहमीच असतं, फक्त ते असं फायद्याच्या बाजूने क्वचित पडतं. उलट बाजूचं उदाहरण त्याच साखळीत आहे. ग्लिसरीनवर काम करणाऱ्या एन्झाइमला जीवनसत्त्व बी-१२ लागतं. ई. कोलायला ते मुळापासून बनवता येत नाही, त्यामुळे ते बाहेरून पुरवावं लागतं.

अर्धलीची शेती

एवढं केल्यावर जिवाणू पीडीओ बनवू लागला, पण थोडंसं. इथून पुढची वर्षं खरी मेहनतीची होती, कारण प्रश्न आता जिवाणूच्या स्वार्थाचा होता. त्याच्या दृष्टीने साखर खायची ती वाढायला आणि दुप्पट व्हायला. पीडीओमध्ये गेलेला प्रत्येक कण त्याच्या लेखी वाया गेलेला. त्यामुळे शेकडो पिढ्या वाढवलं की एखाद्या पेशीत हे लादलेलं ओझं झुगारून देणारा बदल होतो. ती पेशी इतरांपेक्षा वेगाने वाढते आणि टाकीत कामचुकारांचं राज्य येतं.

साखरेचा हिशोब पाहू. ग्लुकोज हा सहा कार्बनचा रेणू. पेशी तो मधोमध तोडून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करते. एक तुकडा ग्लिसरीनच्या, म्हणजे पीडीओच्या वाटेला जाऊ शकतो. दुसरा ऊर्जा मिळवण्यासाठी जाळला जातो. या दोन तुकड्यांची अदलाबदल करणारं एक एन्झाइम पेशीत असतं, आणि जिवाणू त्याचा वापर करून दोन्ही तुकडे आपल्याच पोटात घालतो.

शास्त्रज्ञांनी आधी ते एन्झाइमच काढून टाकलं. म्हणजे जमीन अर्धलीने करायला दिल्यासारखं झालं, एक तुकडा तुझा, एक माझा. उत्पादन वाढलं, पण त्याला छतही बसलं. निम्म्याहून जास्त कार्बन मालकाला मिळणं आता शक्यच नव्हतं. वजनात सांगायचं तर १०० किलो साखरेमागे फार तर ४२ किलो पीडीओ. मग त्यांनी ते एन्झाइम परत आणलं आणि त्याऐवजी जिवाणूच्या वाट्याकडे जाणारी वाट अरुंद केली, बंद केली नाही. जगण्यापुरतं तुला मिळेल, उरलेलं आपोआप दुसऱ्या वाटेने जाईल. आणखी एक बदल केला तो साखर आत घेण्याच्या दारात. ई. कोलाय साखर आत ओढताना एक मौल्यवान रेणू खर्च करतो. ते दार काढून दुसरं, कमी खर्चाचं दार बसवलं.

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट ही अरुंद केलेली वाट आहे. नवं जनुक घालण्याची बातमी होते, असलेल्या जनुकाचा आवाज थोडा कमी करण्याची होत नाही.

तीन आकडे

कारखाना काढायचा की नाही हे तीन आकड्यांवर ठरतं. साखरेच्या किती टक्के माल मिळतो, एक लिटर द्रवात किती माल साचतो आणि तासाला किती तयार होतो. पीडीओच्या चमूने २००३ मध्ये आपले आकडे प्रसिद्ध केले. साखरेच्या वजनाच्या ५१ टक्के माल, लिटरला १३५ ग्रॅम, आणि दर लिटरमागे तासाला साडेतीन ग्रॅम.

५१ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने कमाल मर्यादाच ६३ टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, त्याला इलाज नाही. दुसरा आकडा महत्त्वाचा आहे तो पाण्यामुळे. जिवाणू पाण्यात काम करतो आणि माल पाण्यात विरघळलेला असतो. पीडीओ उकळतं २०० अंशांच्या वर, पाणी १०० अंशांना. म्हणजे माल वेगळा करायचा तर आधी सगळं पाणी उडवावं लागतं, आणि त्याला इंधन लागतं. लिटरला १३५ ऐवजी १३ ग्रॅम माल असता तर दहापट पाणी उडवावं लागलं असतं. काकवी आटवून गूळ करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिसरा आकडा टाक्यांची संख्या ठरवतो. निम्म्या वेगाने काम होत असेल तर दुप्पट टाक्या, म्हणजे दुप्पट भांडवल.

लाऊडनचा कारखाना ड्यूपाँट आणि टेट अँड लाइल या मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीने भागीदारीत उभारला. सुरुवातीची क्षमता वर्षाला सुमारे ४५,००० टन होती. पुढे मालक बदलले, पण कारखाना चालू राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण जाहिरातींत ती बारीक अक्षरांत असते. सोरोनाच्या वजनात वनस्पतीपासून आलेला भाग सुमारे ३७ टक्केच आहे. उरलेला घटक, टेरेफ्थॅलिक आम्ल, तेलापासूनच येतो. आणि वनस्पतीपासून बनलंय म्हणजे मातीत कुजेल असंही नाही. सोरोना पॉलिएस्टरसारखाच टिकाऊ आहे.

सक्सिनिक आम्लाचं काय झालं?

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००४ मध्ये वनस्पतींपासून बनवण्याजोग्या बारा महत्त्वाच्या रसायनांची यादी काढली. तिच्यात सक्सिनिक आम्ल होतं. त्यापासून प्लास्टिक, रंग, द्रावकं असं बरंच काही बनवता येतं. शिवाय त्याची एक खासियत आहे. हे आम्ल बनवताना सूक्ष्मजीव साखरेबरोबर कार्बन डायऑक्साइडही वापरतो. त्यामुळे निदान कागदावर तरी १०० किलो साखरेपासून १०० किलोहून जास्त माल मिळू शकतो. दशकभरात चार मोठे प्रकल्प उभे राहिले. रिव्हर्डियाचा इटलीत, मिरियंटचा अमेरिकेतल्या लुइझियानात, सक्सिनिटीचा स्पेनमध्ये, बायोअँबरचा कॅनडातल्या सार्नियात. सक्सिनिटीचा जिवाणू तर गाईच्या पोटातून, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या कप्प्यातून मिळवलेला होता.

सार्नियाचा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ३०,००० टन. २०१८ मध्ये बायोअँबर दिवाळखोरीत गेली. रिव्हर्डियाची भागीदारी २०१९ मध्ये मोडली.

सूक्ष्मजीवांनी काम केलं नाही म्हणून हे झालं का? तसं नाही. एक अडचण तांत्रिक होती, आणि ती शिकण्यासारखी आहे. आम्ल साचू लागलं की टाकीतला द्रव आंबट होतो आणि जिवाणू गुदमरतात. मग त्यात चुना किंवा दुसरा अल्कली घालून आंबटपणा मारावा लागतो. त्यामुळे आम्लाचं मीठ तयार होतं, आणि विकायचं असतं आम्ल. ते परत मिळवायला सल्फ्युरिक आम्ल घालायचं, तर जिप्समचा ढीग उरतो. लॅक्टिक आम्लाच्या जुन्या पद्धतीत एक टन मालामागे साधारण एक टन जिप्सम निघतं. म्हणून बायोअँबरने ई. कोलाय सोडून आंबट द्रवात तग धरणारं यीस्ट घेतलं. अडचण बऱ्याच अंशी सुटली.

सुटलं नाही ते बाजाराचं कोडं. आखणी झाली तेव्हा कच्चं तेल महाग होतं. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरच्या खाली गेला. तेलापासून बनणारी स्पर्धक रसायनं स्वस्त झाली. सक्सिनिक आम्लाचं तयार गिऱ्हाईक आधीच लहान होतं. ते वाढेल या अंदाजावर चौघांनी एकाच वेळी कारखाने उभारले होते. पीडीओचं तसं नव्हतं. तेलाचं पीडीओ मुळातच महाग होतं, आणि माल विकत घेऊन धागा करणारी कंपनी ड्यूपाँट, म्हणजे घरचीच होती. सोयरीक आधी ठरली होती, मांडव नंतर घातला.

या दोन टोकांच्या मध्ये १,४-ब्युटेनडायॉल, अर्थात बीडीओ आहे. स्ट्रेचेबल कपड्यांच्या धाग्यात आणि अनेक प्लास्टिकांत ते लागतं. निसर्गात ते बनवणारा कोणताही सजीव माहीत नव्हता. जेनोमॅटिका या कंपनीने संगणकावर हजारो संभाव्य वाटा मांडून त्यातली एक निवडली आणि २०११ मध्ये ई. कोलायकडून ते बनवून दाखवलं. तेव्हाचा आकडा होता लिटरला १८ ग्रॅम. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, इटलीतल्या नोव्हामाँटने याच तंत्रावर वर्षाला ३०,००० टनांचा कारखाना सुरू केला. या मालाचं गिऱ्हाईकही घरचंच होतं, नोव्हामाँटचं स्वतःचं कुजणारं प्लास्टिक.

'बायोमास' म्हणजे नक्की काय?

बातम्यांत 'शेतातल्या टाकाऊ मालापासून रसायनं' असं लिहिलेलं असतं. वर सांगितलेले जे कारखाने चालले, ते मात्र टाकाऊ मालावर नाही, मक्यासारख्या धान्यातून काढलेल्या शुद्ध ग्लुकोजवर चालतात. हा फरक लहान नाही, कारण मका माणसंही खातात आणि कोंबड्याही.

टाकाऊ माल, म्हणजे मक्याची ताटं, भात्याण, उसाची चिपाडं, यांच्यातही साखर आहे. पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत अडकलेली, आणि वरून लिग्निन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने बांधलेली. झाड वादळात उभं राहावं म्हणून झालेली ही बांधणी आहे, आपल्याला सोपं जावं म्हणून नव्हे. ती मोडायला उष्णता, आम्ल आणि महागडी एन्झाइमं लागतात. मोडताना फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात, ती जिवाणूला विषारी ठरतात. आणि हाती येते ती मिश्र साखर, ग्लुकोज आणि झायलोज. जिवाणू इथेही आवडनिवड करतो. आधी ग्लुकोज संपवतो, मग थांबतो, मग नाइलाजाने झायलोजकडे वळतो. फ्रान्सच्या जाक मोनो यांनी १९४० च्या सुमारास हे दाखवून दिलं होतं.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इंग्रॅम यांनी झायमोमोनास या जिवाणूची जनुकं ई. कोलायमध्ये घालून दोन्ही साखरांपासून इथेनॉल मिळवलं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने आपला ५० लाखावा पेटंट क्रमांक याच शोधाला दिला. टाकाऊ मालाचं युग आता आलंच, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

पुढे काय झालं, याचं उदाहरण ड्यूपाँटचंच आहे. पीडीओत यशस्वी झालेल्या या कंपनीने आयोवा राज्यातल्या नेवाडा गावी मक्याच्या ताटांपासून इथेनॉल बनवण्याचा कारखाना २०१५ मध्ये सुरू केला. वर्षाला ३ कोटी गॅलनचं उद्दिष्ट होतं. जिवाणू होता सुधारित झायमोमोनास, ज्याचे मूळ भाऊबंद ताडीसारख्या पेयांत सापडतात. २०१७ मध्ये कंपनीने कारखाना बंद करून विकायला काढला. तो घेणाऱ्या जर्मन कंपनीने इथेनॉल सोडून तिथे बायोगॅस बनवायला सुरुवात केली. जनुकं बदलण्याची हातोटी, पैसा, अनुभव, काहीच कमी नव्हतं. पण ग्लुकोज पाइपमधून येतं आणि ताटं शेतातून. वर्षातल्या काही आठवड्यांत ती गोळा करायची, गठ्ठे बांधायचे, ट्रकने आणायचे, वर्षभर कोरडी ठेवायची, त्यातली माती काढायची. हा खर्च कोणतंही जनुक कमी करत नाही.

मग उसाचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न थेट साखर कारखान्यांपाशी येतो, कारण साखर आणि चिपाडं दोन्ही इथे एकाच आवारात असतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनासाठी 'बायोई३' धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे पॉलिलॅक्टिक ॲसिड बनवलं जातं. सूक्ष्मजीव साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या रेणूंची साखळी पुढे रासायनिक पद्धतीने जोडली जाते.

उसाच्या रसापासून रसायनं बनवायची तर काय होऊ शकतं याची झलक इथेनॉलने दाखवली आहे. पाऊस कमी झाला आणि साखर उत्पादन घटेल असं दिसलं तेव्हा, ७ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्राने त्या हंगामात रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. नंतर ती थोडी शिथिल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली. पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांची मध्ये कोंडी झाली. रसायनाच्या कारखान्याला वर्षभर एका भावाने कच्चा माल लागतो. ज्या मालावर सणासुदीच्या साखरेचाही हक्क आहे, त्याची अशी हमी मिळणं अवघड.

चिपाडांवर असा हक्क नाही असं वाटेल, पण तेही मोकळे नाहीत. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो आज बॉयलरमध्ये जातो. त्याच्या वाफेवर गाळप चालतं, सहवीजनिर्मितीतून उरलेली वीज विकली जाते, काही बगॅस कागद गिरण्या घेतात. रसायनासाठी तो वळवायचा तर बॉयलरला दुसरं काही तरी द्यावं लागेल. यातला लिग्निन हा भाग जिवाणूंना सहसा पचत नाही, पण तो चांगला जळतो. म्हणून साखर काढून घेतल्यावर उरलेला लिग्निन बॉयलरकडे परत पाठवायचा, असं अशा प्रकल्पांच्या आराखड्यांत धरलेलं असतं. त्याने उष्णतेचा काही भाग भरून निघतो. उरलेला पाचट गोळा करून, सौरऊर्जेने की वीजविक्री कमी करून भरायचा, याचं उत्तर प्रत्येक कारखान्याला आपापल्या ताळेबंदात शोधावं लागेल.